डाळ न शिजणारी विहीर

चिखलात रुतलेल्या माणसाला आधी बाहेर काढावं की आधी हसून घ्यावं, असा प्रश्न सत्यभामेला पडला. आणि तिनं आधी हसून घेतलं.

माणूस तरणा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक पाय पोटरीपर्यंत काळ्या गाळात, आणि दोन्ही हात वर. त्या हातांत एक चपटी पेटी, तान्हं बाळ धरावं तशी जपून धरलेली. हिवरवाडीच्या तळ्यात त्या वर्षी पाणी उरलं होतं ते फक्त मधल्या डोहात. भोवती भेगाळलेली जमीन, आणि जमीन नि डोह यांच्या मध्ये ही पट्टी... वरून वाळलेली, आतून लोण्यासारखी. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिथं पाय ठेवत नसे.

"हसा ताई. पण ही पेटी तेवढी धरा आधी."

"आन् तुमाला कोण धरंल?"

"माजं काय. गाळ वाळला की मी निघंन."

तिनं डोक्यावरचं पातेलं खाली ठेवलं, काखेतला तुराट्यांचा भारा चिखलात आडवा टाकला आणि हात पुढं केला. तो त्या भाऱ्यावर पाय देत बाहेर आला. चप्पल मात्र आतच राहिली.

"तुमचं जळण—"

"भिजलं. आता डाळ कशावर शिजवू?"

"म्हंजी जेवण हितंच?" त्याचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून उपाशी असावा बिचारा.

"जेवायला न्हाई. पाणी बघायला."

"डाळीनं?"

"मग कशानं? तुमच्या डब्यानं?"

त्यानं पेटी जपून दगडावर ठेवली. मग एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा वेड्या बाभळीच्या काटक्या गोळा करायला निघाला. परत आला तेव्हा बोटात काटा होता आणि चेहऱ्यावर हजार प्रश्न.

त्याचं नाव भारत. पाटोद्याच्या पलीकडचा. दुष्काळात तळ्यांचं पाणी तपासत गावोगाव फिरायचं कंत्राटी काम होतं त्याच्याकडं. चुलीला दगड मांडता मांडता त्यानं सगळं विचारून घेतलं, आणि भामानं सगळं सांगितलं. कुणी इतकं मन लावून विचारत असेल तर माणूस सांगतच जातो.

हिवरवाडीत पाण्याची परीक्षा डाळीनं होते. नवी विहीर खोदली, बोअर लागलं, की त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ चढवायची. डाळ फुलून एकजीव झाली तर पाणी चांगलं. टणक दाणे, ज्यांना आमच्याकडं गणंग म्हणतात, ते तसेच राहिले तर पाणी जड. सोयरिकीलाही हाच नियम. पोरगी आवडली की मुलाकडचं कुणीतरी आपल्या गावच्या विहिरीचं पाणी आणून पोरीच्या उंबऱ्याशी ठेवायचं. बोलायचं काही नाही. पोरीच्या आईनं त्यात डाळ चढवायची. शिजली तर पुढची बोलणी. नाही शिजली तर रिकामी घागर माघारी. पोरीला जन्मभर चुलीपुढं कोण बसवणार?

"आन् पोरीला काय वाटतंय ते?" भारतनं विचारलं.

"त्ये डाळीला इचारा," भामा म्हणाली, आणि फुंकणी तोंडाला लावली. फुंकणीआड हसू लपवता येतं.

महिला मच्छीमार संस्थेत डाळ चढवायचं काम तिचं होतं. संस्थेनं दिवाळीआधी डोहाकाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा तिनंच त्यात डाळ शिजवली होती. दोन उकळ्यांत डाळीचं मेण! अध्यक्ष वच्छलाबाईंनी तिथंच गूळ वाटला. पाणी प्यायला जरा मचूळ लागायचं, पण खोलचं पाणी असंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. प्यायला टँकरचं, डाळीला बोअरचं, आणि उरलेलं सगळं डोहात. कारण डोह जगवायचा होता. त्यात संस्थेनं सोडलेले रोहू-कटले होते, आणि तळ्याच्या मूळच्या मरळी. ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघाले तर संस्था टिकणार होती. नाही निघाले तर दसरा झाला की बाया पुन्हा कोयते घेऊन ऊसतोडीला. भामाच्या उजव्या तळव्यावरचे घट्टे अजून गेले नव्हते. पुन्हा त्या उसाच्या फडात जायचं नाही, एवढं एकच तिचं जगाकडं मागणं होतं.

आणि आता काही दिवस मासे वर येऊन तोंडं उघडत होते. म्हणून आज परत डाळ.

डाळ शिजली. पहिल्यासारखीच, लोण्यागत.

भारतनं पेटीतून दांडी काढून बोअरच्या धारेत बुडवली. आकडा बघितला. दांडी शर्टाला पुसली, परत बुडवली.

"लई क्षार हायत ह्यात. डोहात तर आणखी... पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागंच राहतात. वरून तुमी रोज नवे घालताय."

"डाळ खाऊन बगा."

त्यानं खाल्ली. पानावर घेऊन, फुंकर मारत, सगळी संपवली.

"डाळ तर चांगली हाय," तो कबूल झाला.

"मंग तुमचं मशीन आजारी हाय."

"असंल बी," तो म्हणाला, आणि खरंच पेटी उलटी करून बघायला लागला.

भांडणात आधी स्वतःच्या वस्तूवर शंका घेणारा माणूस भामानं पहिल्यांदाच बघितला होता. ती जरा गोंधळली. जाताना त्यानं मागं वळून आणखी एक प्रश्न टाकला—

"हितली बेडकं कधीपासून वरडत न्हाईत?"

ती सांगायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीत नाही. आवाज थांबला होता, आणि तो थांबल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं.

*

आठवड्यानं तो परत आला. नव्या चपला, आणि पेटी आता दुसरी.

"आजारी मशीन दवाखान्यात ठिवून आलो," तो म्हणाला. "हे निरोगी हाय. पण आकडा त्योच सांगतंय."

"मंग माजी डाळ खोटी का?"

"तसं कुठं म्हनालो? तुमची डाळ बी खरी, ह्यो आकडा बी खरा. मग दोन खऱ्यांचं भांडण कावून लागलंय, ते बघायला आलोय."

भामाच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यानं तिला ताई म्हणणं बंद केलं होतं. दुसरंही काही म्हणत नव्हता. नुसतं 'तुमी' म्हणायचा, आणि त्याआधी किंचित थांबायचा.

दोघं डोहाच्या काठानं हिंडले. तो विचारायचा, ती बघायची. रोज बघितलेल्या जागा आता नव्यानं बघायची. गोगलगायी? होत्या की, ह्या दगडांखाली... दगड उलटले तर पांढरे रिकामे शंख. चतुर? मागच्या साली ढगासारखे होते. शेवाळ? ते मात्र वाढलेलं. डोह हिरवा, जाड, चटणी कालवल्यासारखा.

त्यानं झोळीतून काचेची बाटली काढली, डोहाचं पाणी भरलं आणि उन्हाकडं धरली. "बगा."

बघायचं तर जवळ यायला लागणार. ती आली. बाटलीच्या या बाजूला तिचा डोळा, त्या बाजूला त्याचा. मध्ये हिरवं पाणी. त्या पाण्यातून त्याचा डोळा केवढा मोठा दिसत होता...

"काय दिसतंय?"

"काय बी न्हाई," ती घाईनं म्हणाली.

"त्येच तर," तो म्हणाला. "ह्यात ठिपके पाह्यजे होते. मोहरीपेक्षा बारीक. टुणटुण उड्या मारत्यात. ते शेवाळ खातात, बारकी मासळी त्यांना खाती, मरळ बारक्या मासळीला. खारं वाढलं की सगळ्यात आधी ते जातात. मोठे मासे तडफडाय लागले की मग गाव जागं हुतं. पण आधी जातात ते न दिसणारेच."

"आन् माशाला काय हुतं?"

"गोड्या पाण्यातल्या जिवाच्या अंगात मीठ जास्त, भायेर कमी. जलमभर तो आतलं मीठ सांबाळत, घुसणारं पाणी भायेर टाकत जगतो. भायेरच खारं झालं की त्याचा सगळा हिशेबच उलटा. लगेच मरत न्हाई तो." त्यानं बाटली खाली केली. "दमतो. खायचं टाकतो, अंडी टाकतो. नुसतं जगण्यातच दमतो."

भामाला फडातली पहाट आठवली, डोक्यावर मोळी आणि पायाखाली गाडीची फळी. नुसतं जगण्यात दमणं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोहात एका कटल्यानं तोंड वर काढलं, उघडलं, मिटलं. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुमी जेवलाव का?" तिनं एकदम विचारलं.

*

भामाचं घर खालच्या आळीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला वाळलेला शेवंतीचा हार. भारत दारातच थांबला, फोटोकडं बघितलं, आणि मोकळं हसला.

"जयभीम, मावशी."

"जयभीम, बाबा. या," छबुबाई, भामाची आई, म्हणाली. आणि लेकीकडं असा एक कटाक्ष टाकला की लेक पाट घ्यायच्या निमित्तानं आत पळाली.

त्या दिवशी लाईट नव्हती म्हणून बोअर बंद, आणि टँकर आलाच नव्हता. छबुबाईनं आळीच्या विहिरीचं पाणी काढलं होतं. ही विहीर गावात बदनाम. खडकातला झरा, पाणी आटायचं नाव नाही. पण डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. वरच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या तिला गणंगाची विहीर म्हटलं. आता विहिरीला नावं ठेवताना आळीलाही ठेवत होते का, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

"मावशी, ह्या पाण्यात मग डाळ कशी करता?"

"करत्यात की," छबुबाई म्हणाली, आणि फडताळातली बारकी डबी काढून उकळत्या पातेल्यात चिमूटभर पांढरं टाकलं. "सोडा. सोडा टाकला की कसलं बी पाणी वठणीवर येतं."

फस्सकन फेस आला. भामा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आये... परत टाक."

"आगं, एवढा सोडा?"

"टाक की!"

पुन्हा फेस. भामा वळली. भारत आधीच उभा राहिला होता.

"बोअरच्या पाण्यात—" ती म्हणाली.

"—सोडा हाय," तो म्हणाला. "जमिनीतलाच! खडकातला! म्हणून डाळ मऊ हुती, आन् म्हणून—"

"—म्हणूनच मचूळ लागतंय!"

"माजं मशीन क्षार किती ते सांगतं, कोणता ते सांगत न्हाई. आन् डाळीचं मला काय कळतंय? मी मेसमधी जेवतो. तिथली डाळ कसल्या बी पाण्यात पातळच आसती."

दोघं हसत सुटले. पिठानं भरलेला तिचा हात त्याच्या मनगटावर होता, हे आधी छबुबाईच्या लक्षात आलं, मग भामाच्या, आणि भारतच्या तर बहुधा सगळ्यात आधीच आलं होतं. मनगटावर पिठाची पाच बोटं घेऊन तो तसाच जेवायला बसला.

जेवण अर्धं टाकून दोघं विहिरीवर. त्यानं बाटली दोरीनं सोडली, वर काढली, उन्हाला धरली.

स्वच्छ पाणी. आणि त्यात ठिपके. शेकडो, टुणटुण, कुणी वर कुणी खाली, जसं बाजारात सुटलेलं पोरांचं टोळकं. बाटलीच्या तळाशी तांदळाएवढी एक गोगलगायसुद्धा.

"ह्यात चुना हाय," दांडी बुडवून आकडा बघत तो हळूच म्हणाला. "डाळीला चालत न्हाई. पण शंखाला चुना लागतो, माशाच्या हाडाला लागतो. खारटपणा मात्र डोहाच्या निम्म्यानं बी न्हाई."

भामानं बाटली हातात घेतली. जन्मल्यापासून ज्या विहिरीची तिला लाज वाटत आली होती, ती विहीर तिच्या हातात, काचेत, नाचत होती.

*

संध्याकाळी डोहावर बाया जमल्या. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. भामा पुढं झाली. हीच डाळ तिनं शिजवली होती, ह्याच बायांनी तिच्यावर भरवसा ठेवला होता.

"बोअर बंद करावं लागंल," ती म्हणाली. "डाळीनं आपल्याला फशिवलं. आन् डोहात आमच्या आळीच्या विहिरीचं पाणी सोडावं."

हशा पिकला.

"गणंगाच्या विहिरीचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "आगं, त्यात डाळ सुदीक शिजत न्हाई!"

"मावशी, आपल्याला मासे जगवायचेत. त्येंची आमटी आत्ताच कशाला करायची?"

हशा फुटला, पण आता दुसऱ्या बाजूनं. भारतनं दोन बाटल्या पुढं केल्या, एक डोहाची, एक विहिरीची. एकेक बाई डोळा लावून बघायला लागली. "आगं बया, हालतंय की!" वच्छलाबाईंनी सगळ्यात शेवटी बघितलं, आणि सगळ्यात जास्त वेळ.

"पण एकदम न्हाई सोडायचं," भारत म्हणाला. "हळूहळू. जिवाला खाऱ्याची सवय झाली आसंल तर गोडं बी एकदम झेपत न्हाई."

हे तो बायांना सांगत होता. बघत मात्र भामाकडं होता.

"इहीर आळीची हाय," वच्छलाबाई शेवटी म्हणाल्या. "आळी दील का?"

सगळ्या छबुबाईकडं वळल्या. छबुबाईनं पदर सावरला.

"आजवर कुणी मागितलंच न्हाई. मागितल्यावर न्हाई कशाला म्हनू? पण मागायला अध्यक्षबाईनं यावं. घागर घिऊन."

वच्छलाबाईंनी डोहाकडं बघितलं. मरळीची पाठ वर आली होती, आणि बुडायचा कंटाळा केल्यासारखी तिथंच रेंगाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन खालच्या आळीत आल्या. विहिरीवर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "छबुबाई, पाणी पाह्यजे." छबुबाईनं पोहरा ओढून घागर भरली. आणि निघण्याआधी वच्छलाबाईंनी ओंजळ पुढं केली, पाणी घेतलं, प्याल्या. मग घागर उचलून त्या निघाल्या. छबुबाई मात्र दिवसभर उगाचच भांडी आपटत होती. रडू आलं की ती भांडी आपटते.

मग कुणाच्या शेतातले तुषार सिंचनाचे पाइप आले, कुणाची मोटार आली. विहिरीचं पाणी डोहात पडू लागलं. रोज थोडं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त. काही मासे गेलेच. बायांनी ते काठावर पुरले. पण पाण्याचा हिरवेपणा उतरत गेला, आणि मरळी तळाला जायला लागल्या. भारत येत राहिला, दांडी बुडवत राहिला. एक दिवस त्यानं बाटली उन्हाला धरली आणि न बोलता भामाच्या हातात दिली. तिनं बघितलं. एकच ठिपका होता. एकच, पण केवढ्या उड्या मारत होता!

त्याच दिवशी त्याचं हिवरवाडीचं काम संपलं.

"म्हंजी... येणार न्हाई?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. तो साधा राहिला नाही.

"कामासाठी न्हाई," तो म्हणाला. पुढं काही बोलेल म्हणून ती थांबली. तो बोटातला जुना काट्याचा व्रण बघत राहिला. मग एसटीचा हॉर्न वाजला.

*

पुढं कितीतरी दिवस भामा डोहावर गेली की बाटलीत बघायची. ठिपके वाढत होते. ती त्यांच्यावरच चिडायची: तुमाला बरं येता येतंय!

एका सकाळी छबुबाईनं दार उघडलं आणि हाक मारली, "भामे, ह्ये कुणाचं गं?"

उंबऱ्याशी पाण्याचा कॅन होता. काठोकाठ भरलेला. त्यावर कुणाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. आणि समोरच्या लिंबाखाली, नव्या चपलांना चिखल लागलेला, भारत उभा होता. बोलत काहीच नव्हता. नियमच होता तसा.

बातमी आळीभर पसरायला चूल पेटायच्या आतलाच वेळ पुरला. वच्छलाबाईसुद्धा वरच्या गावातून आल्या, आणि पाट ओढून चुलीपुढं बसल्या. छबुबाईनं डाळ चढवली. डाळ उकळली. परत उकळली. काटक्या संपल्या, नव्या आल्या. बाया माना लांब करून पातेल्यात बघत होत्या. छबुबाईनं पळीनं एक दाणा काढला, चिमटीत दाबला.

दाणा टणक.

लिंबाखाली भारतचा चेहरा उतरला.

"गणंग," छबुबाई हळूच म्हणाली. "लई जड पाणी हाय, बाबा."

सोड्याची डबी फडताळात होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणी हात लावला नाही; या परीक्षेत तो चालत नाही.

भामा उठली. बाहेर गेली. कॅनमध्ये उरलेलं पाणी तिनं काचेच्या बाटलीत ओतलं आणि उन्हाकडं धरलं. या बाजूला तिचा डोळा. त्या बाजूला, उंबऱ्यापर्यंत आलेल्या भारतचा.

"काय दिसतंय?" त्यानं घाबरत विचारलं.

ती बघतच राहिली... पाण्यात बारीक ठिपके होते. पाटोद्यापासून एसटीत धक्के खात आलेले, आणि तरी टुणटुण उड्या मारणारे.

तिनं बाटली खाली केली, आणि आत ओरडून म्हणाली, "आये, पातेलं उतरू नगं."

"आगं, शिजंना की ती!"

"येळ लागतोय," भामा म्हणाली. तिची नजर मात्र भारतवरून हलली नव्हती. "लागू दे. जाळ मी घालते."